अपेक्षा : अनुरूप

कोल्हापुरात खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना खेटून उभी आहेत. दोन्ही शाहू महाराजांची. मैदान 1912 सालचं, नाट्यगृह, म्हणजे तेव्हाचं पॅलेस थिएटर, 1915 सालचं. एकीकडं लंगोट कसलेले मल्ल लाल मातीत उतरायचे, दुसरीकडं नऊवारी नेसलेले पुरुष रंगमंचावर यायचे, आणि गाव दोन्हीकडं तितक्याच हौसेनं गर्दी करायचं. ज्यांचं नाव नाट्यगृहाला आहे ते केशवराव लहानपणी ‘शारदा’ नाटकातली शारदा म्हणून गाजलेले. नारायण राजहंस नावाच्या पोराच्या कानावर उपचार व्हावेत, तो किर्लोस्कर नाटक मंडळीत जावा, म्हणून शब्द टाकणारेही शाहू महाराजच. 1905 मध्ये तो पोरगा मिरजेला शकुंतला होऊन उभा राहिला आणि पुढं बालगंधर्व म्हणून महाराष्ट्रातल्या बायकांना साडी कशी नेसावी ते शिकवून गेला. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृह जळालं तेव्हा तालमीतला गडी आणि नाटकातला नट सारखेच हळहळले.

म्हणजे पुरुषानं स्त्री होऊन मिरवावं याचं या शहराला वावडं कधीच नव्हतं. अट एवढीच, की पडदा पडल्यावर त्यानं पुन्हा पुरुष व्हायचं; ते जमत नसेल तर घर सोडून देवीच्या नाहीतर तमाशाच्या फडाच्या आसऱ्याला जायचं. या दोन्हींत न बसणारा एक पोरगा आहे. त्याला साडीची हौस नाही. तो दूध संघात नाहीतर शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला आहे, बुलेट फिरवतो, मंडळाची वर्गणी गोळा करतो, आणि प्रेम पुरुषावर करतो. त्याला कुठं बसवायचं हे कोल्हापूरला अजून ठरवता आलेलं नाही. हा आढावा त्याच्यासाठी.

आधी शब्द बघू. कोल्हापुरात हाक मारायची तर ‘भावा’, ‘लेका’, नाहीतर ‘मर्दा’. ‘अरं मर्दा, हाईस कुठं?’ पाच वर्षांच्या पोरालाही मर्दा, ऐंशीच्या म्हाताऱ्यालाही मर्दा, आणि बोलायच्या भरात बहिणीलाही. म्हणणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी आपलं काहीतरी निराळं आहे हे ज्याच्या लक्षात आलेलं असतं, त्याला ही हाक दिवसातून पन्नास वेळा ऐकावी लागते, आणि ओ देताना दर वेळी कुणा दुसऱ्याच्या नावाला ओ दिल्यासारखं वाटतं.

शिव्या आहेतच. बायल्या, छक्का, जोगत्या. त्या चालण्या-बोलण्यात मऊपणा असलेल्या पोरांच्या वाट्याला येतात. शाळेत अशा पोरावर हसणाऱ्यांत मीही होतो. ‘समलिंगी’ हा शब्द वर्तमानपत्रात आणि निकालपत्रात भेटतो. ‘गे’ इंग्रजी शाळांबरोबर आला. पण मराठीत ‘गे’ म्हणजे आधीपासून बाईला मारायची हाक, त्यामुळं कॉलेजच्या कट्ट्यावर त्याचे जे व्हायचे ते विनोद झाले. एड्स नियंत्रणाच्या प्रकल्पांनी ‘कोती’, ‘पंथी’, ‘डबलडेकर’ हे मुंबई-पुण्याच्या वर्तुळांत चालणारे शब्द सरकारी नोंदवह्यांत नेले. घरात यातला एकही शब्द चालत नाही. घरात म्हणतात ‘तसला’. ‘त्यो तसला हाय म्हणं.’ रात्री सापाचं नाव न घेता ‘लांबडं’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

या सगळ्या शब्दांत ‘जोगत्या’ खास इथला आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबायला हवं. मार्गशीर्ष पौर्णिमेला बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीला, यल्लमाच्या डोंगरावर, कोल्हापुरातून एसटीच्या गाड्याच्या गाड्या भरून जातात. परत आल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा भरते. डोक्यावर देवीचा जग घेतलेले, साडी-चोळीतले, कपाळभर भंडारा माखलेले जोगते तिथं दिसतात, आणि कडक इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं त्यांच्या पाया पडतात. पोराच्या केसांत जट आली, किंवा पोरगं बायकी वागायला लागलं, की देवीचं बोलावणं आलं असं समजायचं, गळ्यात मोती बांधायचे आणि त्याला देवीला सोडायचं, ही रीत दोन-तीन पिढ्यांपूर्वी या भागात सर्रास होती. अशा सोडलेल्या पोरांत कुणी मनानं स्त्री होतं, कुणाला पुरुष आवडत होते, कुणाच्या केसांत नुसता गुंता झाला होता. निवड करायला कुणी बसलं नव्हतं. काहींना तो जाच झाला. काहींना मात्र तिथंच पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला, हेही सांगायला हवं, कारण नुसती कणव घेऊन या माणसांकडं बघणारे फार झालेत.

शाहू महाराजांनी 1920 मध्ये जोगतिणी-देवदासींसाठी कायदा केला. पुढं गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात देवदासींची चळवळ उभी राहिली. दोन्हींचा भर बायकांवर होता, आणि ते बरोबरही होतं. जोगत्याची गोष्ट सांगितली ती साहित्यानं. गडहिंग्लज तालुक्यातून आलेल्या राजन गवसांच्या ‘भंडारभोग’मध्ये तायाप्पा आहे. ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’वरून, चारुता सागरांच्या ‘दर्शन’ कथेचा आधार घेऊन, 2009 मध्ये ‘जोगवा’ हा चित्रपट आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. लगेच 2010 च्या पहिल्याच दिवशी ‘नटरंग’ आला. कादंबरी कागलच्या आनंद यादवांची, नायक पैलवानी अंगाचा गुणा, जो तमाशासाठी नाच्या होतो आणि त्यापायी घर, गाव, अब्रू गमावतो.

दोन्ही चित्रपट मला आवडतात. पण दोन्हींनी प्रेक्षकांशी एक छुपा करार केलाय. गुणा मुळात पैलवान आहे, बायकापोरांचा धनी आहे. तायाप्पा साडीत असला तरी त्याचा जीव जोगतीण झालेल्या सुलीवर आहे. साडीतला हा गडी ‘खरा’ पुरुषच आहे, निर्धास्त रडा, असं आधी सांगून मग आपले डोळे ओले केलेत. गुणाला खरोखरच पुरुष आवडत असता तर थिएटरात किती रुमाल निघाले असते?

मराठीत दुसरी परंपराही आहे. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, त्यात समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. 1934 मध्ये त्यावरून खटला झाला तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, मासिक चालू राहिलं. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 चं. पुढं चेतन दातारांचं ‘एक माधवबाग’, बिंदुमाधव खिरेंची ‘पार्टनर’, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) हे सगळं आलं. यातली बहुतेक माणसं पुण्या-मुंबईची, स्वतःची खोली असलेली, दार लावून घेऊ शकणारी. चुलीपुढं भाकरी थापणारी आई आणि उंबऱ्यावर बसून ‘मला लगीन करायचं न्हाई’ म्हणणारं पोरगं, हा प्रवेश मला अजून वाचायला मिळालेला नाही. गावाकडच्या घराला दारं असतात, पण ती दिवसा लावून घेतली की चार माणसं ‘काय झालं?’ विचारायला येतात.

कायद्याचा प्रवास सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. 1860 च्या दंडविधानातलं कलम 377 दिल्ली उच्च न्यायालयानं जुलै 2009 मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं बाजूला काढलं, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2013 मध्ये ते परत आणून बसवलं, आणि 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांनी एकमतानं ते संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले. त्या दिवशी कोल्हापुरात गणपती आठवड्यावर आला होता, मंडपांची लगबग चालू होती. ज्यांच्यासाठी निकाल होता त्यातली बरीच पोरं त्याच मांडवांत बांबू धरून उभी असणार, आणि मोबाइलवर बातमी वाचून त्यांनी फोन परत खिशात घातला असणार. लग्नाच्या हक्काचा निकाल 17 ऑक्टोबर 2023 चा, नवरात्राच्या तिसऱ्या माळेचा. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायाधीश सहमत. नागरी जोडीदारी आणि दत्तक घेण्यावर तीन विरुद्ध दोन असा नकार. फेरविचाराच्या याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या.

मोठ्या निकालांपेक्षा मला 2024 मधली एक बारकी गोष्ट जास्त कोल्हापुरी वाटते. केंद्र सरकारनं त्या वर्षी काही खुलासे काढले: समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढता येईल, एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमता येईल, आणि रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातले धरावं. केशरी कार्डावर दोन पुरुषांची नावं, नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते पुरवठा निरीक्षकानं ठरवावं! तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात ही मागणी घेऊन पहिली जोडी जाईल तेव्हा खिडकीपलीकडचा कारकून काय म्हणेल हे मी डोळ्यांपुढं आणून बघतो. तो हाकलून देणार नाही. ‘साहेब जेवायला गेल्यात’ म्हणेल.

ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही इथं बसतंय, सहा जिल्ह्यांसाठी. घरच्यांनी डांबून ठेवलं, पोलीस ऐकत नाहीत, तर दाद मागायला आता पावणेचारशे किलोमीटर लांब मुंबई गाठावी लागत नाही. पण तिथंही वकीलपत्रावर सही करावी लागते, आणि वकील आपल्या मामाच्या ओळखीचा निघायची शक्यता कोल्हापुरात कायम असते.

आता खरा विषय. लग्न.

पोरगं कामाला लागलं की दोन वर्षांत ‘बार उडवायचा’, हा इथला शिरस्ता. पंचविशी ओलांडली की पाहुण्यांच्या प्रत्येक जेवणात ‘लाडू कवा?’ सुरू होतं. पोरगं मुदत मागत राहतं. आधी घराचा स्लॅब पडू दे. बहिणीचं उरकू दे. मग एमपीएससीचा निकाल लागू दे. स्पर्धा परीक्षेवर किती टीका झाली, पिढी वाया गेली वगैरे. पण पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांनी अशा किती पोरांना चार-पाच वर्षांची अब्रूदार पळवाट दिली असेल याचा विचार कुणी केलेला नाही. पूर्व परीक्षा नापास झाल्यावर मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकणारा उमेदवारही असू शकतो.

अलीकडं या पोरांना एक विचित्र आडोसा मिळालाय. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागं 839 मुली होत्या, 2011 मध्ये 863. गर्भातच खुडलेल्या पोरींचं वय आज लग्नाचं आहे. शेतीवाल्या, बारक्या नोकरीवाल्या मुलाला मुलगी मिळत नाही ही पश्चिम महाराष्ट्राची रोजची रड झाली. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात तर नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला. पूर्वी गल्लीत तिशी उलटलेला एखादाच बिनलग्नाचा असायचा आणि त्याच्याकडं बोट जायचं. आता प्रत्येक गल्लीत चार आहेत. त्यातला एक ‘तसला’ असला तरी तो त्या गर्दीत खपून जातो. आई देवीला नवस बोलते, बाप एजंटाला पैसे देतो, पोरगं मान खाली घालून बसतं. पोरींवर केलेल्या पापाची सावली एका वेगळ्याच पोराला मिळतेय, आणि हे लिहिताना मला काही बरं वाटत नाही.

ज्याला बरी नोकरी, दोन एकर बागायत आणि स्लॅबचं घर आहे, त्याला हा आडोसाही नाही. त्याला स्थळं चालून येतात. नकार देऊन देऊन किती देणार? एक दिवस भावकी बसते. मारहाण, घराबाहेर काढणं असंही घडतं, पण त्याहून नेहमीची गोष्ट म्हणजे रडणं. आई जेवण सोडते. वडील बोलत नाहीत. थोरली वहिनी समजावते, ‘एकदा झालं की समदं सुरळीत हुतंय, दाजी.’ सातबाऱ्याचा विषय मग हळूच निघतो: हक्कसोडपत्र बहिणींकडून घ्यायची सवय आपल्याला आहेच, लग्न न करणाऱ्या भावाला जमीन कशाला, असं कुणीतरी बोलून जातं. पोरगं हो म्हणतं.

मग ती येते. या सगळ्या चर्चेत जिचं नाव शेवटी घेतात, आणि मीही शेवटीच घेतोय, ती. वर्ष-दीड वर्षात मूल नाही म्हणून डॉक्टरकडं तिला नेतात. नवरा चांगला आहे, मारत नाही, पीत नाही, पगार हातात देतो. मग तक्रार कसली? माहेरी काय सांगणार? हिंदू विवाह कायद्याच्या 12 व्या कलमाखाली फसवून केलेलं लग्न रद्द करून घेता येतं, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत कोर्टात जावं लागतं. कळायलाच पाच वर्षं लागतात, आणि कळलं तरी ते तोंडाबाहेर काढायला आणखी पाच. ‘पोराला समजून घ्या’ असं जे सांगतात त्यांनी या बाईपुढंही क्षणभर बसायला हवं. ज्यानं भीतीपोटी हो म्हटलं त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे. माफी देणं माझ्या हातात नाही, ते तिच्या हातात आहे.

याच जिल्ह्यात लग्नाचे नियम बदलून दाखवलेत, म्हणून आशेला जागा नाही असं म्हणवत नाही. 1917 ते 1920 या तीन-चार वर्षांत करवीर संस्थानानं विधवाविवाह, आंतरजातीय विवाह आणि काडीमोड यांचे कायदे केले. आणि 4 मे 2022 ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. पंधरवड्याच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. गावच्या लोकांनी गावच्या बायकांकडं बघून ठरवलं. उद्या एखाद्या ग्रामसभेत ‘लग्नाला नको म्हणणाऱ्या मुला-मुलीवर जबरदस्ती करायची नाही’ एवढा एका ओळीचा ठराव आला, तर त्यात ‘समलिंगी’ हा शब्दसुद्धा लागणार नाही.

सध्या कोल्हापूरचं उत्तर सोपं आहे: पुण्याला जा. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, सकाळची कोयना एक्सप्रेस पकडली की दुपारी पोचतो. खिरेंनी 2002 मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट काढला, आणि तिथं एक मोठी गोष्ट झाली ती भाषेची. लैंगिकतेवर त्यांनी मराठीत पुस्तकं लिहिली, फोनवर मराठीत बोलले. सांगली-साताऱ्याच्या पोराला ‘जेंडर’ आणि ‘ओरिएंटेशन’ यांतला फरक इंग्रजीत कळणं वेगळं आणि मराठीत कुणीतरी ‘तुला आजार झालेला नाही’ असं सांगणं वेगळं. पुण्याचा पहिला अभिमान मोर्चा डिसेंबर 2011 चा. त्यात चालणाऱ्या काही पोरांनी रुमाल बांधले ते थंडीसाठी नव्हते. फोटो पेपरात आला तर तो गावाकडं वडापावच्या कागदावर पोचू शकतो.

पण पुण्याला गेलेला पोरगा जत्रेला परत येतो. गणपतीला येतो, उसाची तोड आली की येतो, आजी आजारी पडली की येतो. दोन शहरं, दोन सिमकार्डं, दोन बोलायच्या तऱ्हा. कुणी म्हणेल की पुण्यात मोकळं राहून घरी गप्प बसणं हा ढोंगीपणा आहे. मला तसं वाटत नाही. आपण सगळेच वडिलांपुढं एक आणि मित्रांत दुसरे असतो. याच्या वाट्याला ते अंतर जास्त आलंय एवढंच. यवतमाळला डिसेंबर 2017 मध्ये तिथल्याच एका तरुणानं परदेशी जोडीदाराशी समारंभ करून लग्न लावलं, त्याची देशभर बातमी झाली. धाडस होतंच. पण तो अमेरिकेत नोकरीला होता, दुसऱ्या दिवशी दूध घालायला त्याच गल्लीतून जायचं नव्हतं.

जे इथंच राहतात त्यांच्या हातात फोन आहे. पुण्यात ॲप उघडलं की शेकडो चेहरे दिसतात. कोल्हापुरात चेहरा दिसत नाही. कुणी रंकाळ्याचा सूर्यास्त लावलेला असतो, कुणी बुलेटची टाकी. खाली अंतर येतं: तीनशे मीटर. तीनशे मीटरवर कोण आहे? समोरचा पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठला?’ दुसरा, ‘कुठली पेठ?’ तिसरा, ‘आडनाव?’ अंधारात भेटायचं ठरवतानासुद्धा आडनाव विचारणारा हा जिल्हा आहे, त्यामुळं या दुनियेत जात नसते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि कधी कधी तीनशे मीटरवरचा तो एकटा नसतो. आडवाटेला बोलवायचं, चार जणांनी घेरायचं, व्हिडिओ काढायचा, ‘घरी पाठवू का?’ विचारून पैसे उकळायचे, हा धंदा देशभरातल्या शहरांत उघडकीला आलाय. खंडणीला भारतीय न्याय संहितेचं कलम 308 आहे. पण तक्रार द्यायची म्हणजे आधी काय झालं ते ठाण्यात, शेजारच्या गल्लीतल्या हवालदारापुढं, सांगायचं. शिवाय 1 जुलै 2024 ला नवी संहिता आली तेव्हा जुनं 377 पूर्ण वगळलं गेलं, आणि पुरुषावर पुरुषानं केलेल्या बलात्कारासाठी वेगळं कलमच उरलं नाही.

सरकारी दार एकच होतं, आणि बऱ्याच अंशी अजूनही आहे: एड्सचं. जिल्हा रुग्णालयात रक्त तपासायचं केंद्र, निरोध वाटणारा कार्यकर्ता, आणि नोंदवहीत ‘एमएसएम’ (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) अशी तीन अक्षरं. त्या कार्यक्रमानं जीव वाचवले, यात शंका नाही. शेजारच्या सांगलीत 1992 पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’नं वेश्याव्यवसायातल्या बायकांची संघटना बांधली, आणि त्यांच्याच आसऱ्यानं पुरुष आणि तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ उभी राहिली. ज्या गरीब पोरांना पुण्याचं तिकीट परवडत नव्हतं त्यांना बसायला जागा तिथं मिळाली. तरी एखाद्या माणसाची सरकारी कागदावरची पहिली ओळख ‘जोखीम’ ही असावी, याचा परिणाम होतोच. मनाच्या डॉक्टरांचं वेगळं. भारतीय मानसोपचार संस्थेनं 2018 मध्ये हा आजार नसल्याचं जाहीर केलं, आणि ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. पण पोराला आधी डॉक्टरकडं कोण नेतं? आधी देवऋषी होतो.

रक्ताची आणखी एक गोष्ट. कोल्हापुरात तरुण मंडळ म्हणजे जयंती, जयंती म्हणजे रक्तदान शिबिर. मांडवात खाटा, स्टीलच्या ताटात केळी आणि बिस्किटं, टी-शर्टवर महाराजांचं चित्र. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला रक्तदान करायला कायमची मनाई आहे, त्याची तपासणी काहीही सांगो. मंडळाचा हा कार्यकर्ता, ज्यानं मांडव घातला, खाटा आणल्या, पोरांना फोन करकरून गोळा केलं, त्याच्यापुढं अर्ज येतो. खरं लिहिलं तर अर्ज भरून घेणाऱ्या मित्रापुढं उघडा पडणार. खोटं लिहिलं तर नियम मोडणार. मग तो म्हणतो, ‘काल ताप हुता मर्दा.’ तीन वर्षं सलग ताप आला की चौथ्या वर्षी मित्र चेष्टा करतात, आणि तो त्यांच्याबरोबर हसतो.

तेच मित्र तालमीत खांद्याला खांदा लावून झोपतात, एकमेकांच्या अंगाला तेल चोळतात, बुलेटवर तिघं बसतात, गळ्यात हात टाकून चालतात. पुरुषांनी पुरुषांना इतकं सहज शिवायची मुभा पुण्यातल्या सोसायटीत मिळणार नाही. ‘लंगोट राखायचा’ म्हणजे बाईपासून लांब राहायचं, हे तर तालमीचं व्रतच. ज्याच्या मनात काही नाही त्याला ही मुभा सुखाची. ज्याच्या मनात आहे, तो हात किती वेळ ठेवला ते मोजत असतो.

मोकळेपणा कुठल्या बाजूनं येईल याचा अंदाज बांधायचा मोह मला होतो, आणि मी चुकायची शक्यताही भरपूर आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळच्या लोकांनी तृतीयपंथी ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट मतदानानं सरपंच केलं, ते कुठल्या निकालाची वाट बघत बसले नव्हते. 2020 मध्ये एका मोठ्या पक्षानं राज्यात एलजीबीटी सेल काढला. 2024 च्या राज्याच्या महिला धोरणात या समाजाचा उल्लेख आला. पण सरपंच होणारी, पाया पडून घेणारी, जग डोक्यावर घेणारी माणसं या समाजाला कळतात, कारण ती दिसायला वेगळी आहेत आणि घर सोडून आलेली आहेत. घर न सोडता, मिशा न काढता, शेती न वाटता ‘मी असा आहे’ म्हणणारा पोरगा जास्त अवघड आहे. तो कुठं बसवायचा हा प्रश्न शेवटी एका डीटीपीच्या दुकानात येऊन पोचतो.

संध्याकाळची वेळ. आई आणि पोरगं स्टुलावर. पडद्यावर वर ‘श्री अंबाबाई प्रसन्न’, खाली रकाने. नाव, जन्मवेळ, रास, गण, नाडी. उंची पाच फूट नऊ. रक्तगट बी पॉझिटिव्ह. शिक्षण, नोकरी, पगार. शेती दोन एकर, बागायत. देवक. मामांचं गाव. इतर पाहुणे, त्यात आईला सात आडनावं घालायची आहेत आणि पान संपत आलंय. डीटीपीवाला फॉन्ट बारीक करतो.

‘अपेक्षा काय टाकू?’

आई पोराकडं बघते. पोरगं फोनकडं.

‘ऱ्हाऊ दे मोकळंच.’

‘मोकळं बरं दिसत न्हाई,’ डीटीपीवाला म्हणतो, आणि विचारत न बसता टाइप करतो: अनुरूप. ‘समद्यांचं त्येच असतंय. किती काढू? रंगीत?’

‘पंचवीस काढा,’ आई म्हणते.